पॉवर सप्लायला घरघर लागते तेव्हा

लूमवर उभा राहणारा कारीगर डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक काम करतो. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, कोठेही जा. एका छपराखाली चाळीस-पन्नास लूम खडखडत असतात, पण आपल्या लूमचा ठोका जरा बदलला की कारीगर मान वळवतो. पिकर झिजला की धोटा पेटीत नीट बसत नाही, हे त्याला आवाजावरून समजते आणि तो लूम थांबवतो. त्याच कारखान्याच्या पेढीवर मात्र कॉम्प्युटर महिनोन्महिने घरघरत असतो आणि मालक, मुनीम, कोणीही तिकडे कान देत नाही. 'जुना झाला, आवाज करणारच' असे म्हणून काम पुढे रेटले जाते. मग मार्चअखेरीला किंवा रमजानच्या ऐन हंगामात, दारात टेम्पो भरून उभा असताना, बटण दाबले तरी यंत्र जागे होत नाही. ई-वे बिल निघत नाही, गाडी हलत नाही आणि मिस्त्रीची शोधाशोध सुरू होते.

ही घरघर बहुतेक वेळा ज्या भागातून येते त्याविषयी आज लिहीत आहोत. आम्ही कापडाचे व्यापारी, इंजिनिअर नव्हे. पण आमच्या पेढीवर कॉम्प्युटर येऊन पंचवीसहून अधिक वर्षे झाली. या काळात दुरुस्ती करणाऱ्या मुलांच्या शेजारी बसून, पाहून, विचारून जे पदरात पडले ते व्यापारी व कारीगर बांधवांसमोर ठेवत आहोत.

पेटीत काय चालते?

ज्या उभ्या डब्याला आपल्याकडे सर्रास 'सीपीयू' म्हणतात त्याचे खरे नाव कॅबिनेट. त्याच्या मागे जिथे तीन पिनांची जाड वायर लागते, तिथे आत पत्र्याची एक पेटी असते. हाच पॉवर सप्लाय. बाजारात त्याला एसएमपीएस म्हणतात. भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची आणि एसी असते, तर कॉम्प्युटरच्या आतील भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी वीज लागते. कच्चे सूत थेट लूमवर चढत नाही, सायझिंग होऊन त्याचे बीम भरावे लागते, तसेच हे आहे. पेटी आधी एसीची डीसी करते, तेव्हा आतील मोठ्या कॅपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. मग ही वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून खाली उतरवली जाते आणि आणखी काही कॅपॅसिटरांतून स्थिर करून पुढे दिली जाते. या कामात उष्णता निर्माण होते, ती बाहेर फेकण्यासाठी एक पंखा असतो. पेटीत सतत फिरणारी वस्तू ही एकच, म्हणून आवाजही बहुधा आधी तिचाच.

१९९५ साली इंटेल कंपनीने एटीएक्स नावाचा नमुना ठरवला. त्या नमुन्याच्या पेटीत, पुढचे बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला तरी ५ व्होल्टची एक ओळ चालूच राहते. तेव्हा रात्री दुकान वाढवताना भिंतीवरचे बटण बंद केल्याशिवाय पेटी खऱ्या अर्थाने बंद झाली असे समजू नये.

आवाज ओळखा

सकाळी कुलूप उघडून यंत्र चालू केले की घरघर, आणि दहा मिनिटांनी आपोआप शांत, ही पहिली पायरी. स्वस्त पंख्यात बॉल बेअरिंग नसते, साधी बुशिंग असते. तिच्यातील तेल सुकत आले की गार असताना पंखा कुरकुरतो आणि गरम झाल्यावर सैल होतो. थंडीच्या दिवसांत हे अधिक जाणवते. या पायरीवर आठवड्याच्या आत मिस्त्रीला बोलावले तर काम थोडक्यात आटोपते.

एका लयीत खटखट येत असेल तर बऱ्याचदा एखादी वायर पात्यांना लागत असते किंवा स्क्रू ढिला झालेला असतो. वाऱ्याचा मोठा झोत निघावा तसा सततचा घोंघाट असेल तर पंखा ठीक आहे, पण पेटी तापते आहे म्हणून तो पूर्ण वेगाने पळतो आहे. आपल्या धंद्यात याचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही. थान फाडताना, घड्या उलगडताना कापडाचे बारीक तंतू उडतात आणि पंख्याच्या जाळीवर त्यांचा नमदा बसतो. किराणा दुकानातील कॉम्प्युटर आणि कापड दुकानातील कॉम्प्युटर एकाच दिवशी घेतला तरी आपला आधी तापेल.

कधी शिट्टीसारखा बारीक आवाज येतो आणि पडद्यावर यादी वर-खाली सरकवली की तो बदलतो. आतील तांब्याच्या गुंडाळीची ती थरथर असते. कानाला त्रास, पण एरवी धोका नाही. मात्र वर्षानुवर्षे मुकाट असलेली पेटी अचानक शिट्टी वाजवू लागली आणि त्याच सुमारास यंत्र मधूनच बंद पडू लागले, तर ती दाखवून घ्यावी. बटण दाबल्यावर पंखा जरासा हलून थांबतो, पुन्हा हलतो, टिक-टिक होत राहते, असे दिसले तर पेटी स्वतःला वाचवत आहे. कोठेतरी शॉर्ट आहे, पेटीत किंवा मदरबोर्डवर. अशा वेळी बटण दाबत बसू नये, प्लग काढावा.

एक आवाज मात्र यांपैकी नव्हे. तो पुढच्या बाजूने, हार्ड डिस्कमधून येतो, एखाद्याने नखाने टेबल वाजवावे तसा. तो ऐकू आला तर पॉवर सप्लायचा विचार नंतर. आधी हिशेबाची नक्कल पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी.

सर्वांत वाईट म्हणजे काहीच आवाज न येणे. महिनाभर घरघरणारा पंखा एके दिवशी गप्प होतो आणि मालकाला वाटते, चला, आपोआप बरे झाले. वास्तविक पंखा जाम झालेला असतो आणि आतील उष्णता आता कोणी बाहेर काढत नसते. (काही नव्या, महाग पेट्यांत कमी कामाच्या वेळी पंखा मुद्दाम थांबवण्याची सोय असते. पण तशी पेटी क्वचितच आपल्या दुकानात असते.) ओळखण्याची रीत सोपी आहे. हातभर सुताचा धागा घ्यावा आणि पेटीच्या मागील जाळीसमोर धरावा. धागा बाहेरच्या दिशेने उडाला तर हवा निघत आहे. लोंबतच राहिला तर यंत्र रीतसर बंद करून प्लग काढावा.

आमच्या माहितीतील एका ड्रेस मटेरियलच्या व्यापाऱ्याकडे नेमके असेच झाले. घरघर थांबली म्हणून तो निश्चिंत झाला. आठ-दहा दिवसांनी जळका वास आला. पेटी गेली आणि जाताना मदरबोर्ड व हार्ड डिस्क घेऊन गेली. यंत्राचे पैसे त्याने सोसले. पण त्या डिस्कवर घरोघरी भरतकाम करणाऱ्या कारीगर स्त्रियांची मजुरी लिहिलेली होती आणि तिची दुसरी नक्कल नव्हती. भला माणूस. जिने जो आकडा सांगितला तो त्याने मानला व दिला. तरीही दोघी-तिघी अशा होत्या की त्यांनाच आपला आकडा आठवत नव्हता, कारण 'शेठच्या कॉम्प्युटरमध्ये आहे' या भरवशावर त्यांनी कधी लिहून ठेवलेच नव्हते. त्यांना जास्त गेले की कमी, हे ना त्याला ठाऊक, ना त्यांना. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, हे आपल्यापैकी प्रत्येक व्यापाऱ्याला माहीत आहे. वही लाल कापडात बांधून कपाटात ठेवली जात होती तेव्हा उंदीर आणि वाळवी यांची काळजी घेतली जाई. आज तीच वही या पेटीच्या जिवावर उभी आहे.

आवाजाशिवायची लक्षणे

काम चालू असताना यंत्र आपोआप पुन्हा सुरू होणे; वीज जाऊन आल्यावर चार-पाचदा बटण दाबल्याशिवाय चालू न होणे; मागच्या बाजूने जळकट किंवा आंबूस वास येणे; एका पेनड्राइव्हने चालणारे यंत्र दुसरा लावला की बंद पडणे. यांतील कोणतेही एक लक्षण दिसले तर संशय आधी पॉवर सप्लायवर घ्यावा. पण फक्त तारीख आणि वेळ रोज मागे जात असेल तर पेटीला दोष देऊ नका. ती मदरबोर्डवरील ३ व्होल्टची बटणाएवढी बॅटरी संपल्याची खूण आहे, आणि ती अगदी थोडक्या पैशांत येते. या एका गोष्टीच्या अज्ञानापायी आख्खा एसएमपीएस बदलून घेतलेले दुकानदार आम्ही पाहिले आहेत.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिणते, ही तक्रार जुन्या बाजारपेठांत फार ऐकू येते. तो पेटीचा बिघाड असेलच असे नाही. तिथे बहुधा अर्थिंग नसते. पेटीतील फिल्टर आपली थोडी वीज अर्थिंगकडे सोडतो. अर्थिंगच नसेल तर ती पत्र्यावर राहते. तिसरी पिन मोडून दोन पिनांच्या भोकात प्लग बसवण्याची आपली जुनी सवय इथे अंगाशी येते. वायरमन बोलावून अर्थिंग करून घ्यावे.

ज्यांची पेढी कारखान्याच्या आवारात आहे त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. मोटर सुरू होताना चालू स्थितीच्या पाच-सहा पट करंट खेचते, आणि त्या क्षणी त्याच लाइनवरील व्होल्टेज खाली जाते. नमुन्याबरहुकूम बनवलेली पेटी सेकंदाच्या साठाव्या भागाएवढी खंडित वीज पोटातील साठ्यावर निभावून नेते. हलकी पेटी तेवढेही नेत नाही. कॉम्प्युटरची लाइन लूमच्या लाइनपासून वेगळी घ्यावी आणि मध्ये यूपीएस असावा. ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो, दुकानाच्या एका कॉम्प्युटरला तो पुरतो. त्यावर लेझर प्रिंटर मात्र जोडू नये, तो तापताना फार वीज ओढतो.

दुरुस्ती करणाऱ्या बांधवांसाठी

आपल्या समाजातील पुष्कळ तरुण या दुरुस्तीवर हलाल रोजी कमावत आहेत. त्यांना शिकवण्याचा आमचा अधिकार नाही. तरी दुकानदाराच्या बाजूने दोन शब्द.

दुकानदाराने स्वतः ही पेटी उघडू नये, हे तुम्हीच त्याला बजावून सांगा. प्लग काढल्यावरही मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट काही काळ राहू शकतात. पेचकस लावून ठिणगी पाडण्याची रीत अनेक ठिकाणी दिसते. ती सोडून द्यावी आणि योग्य रेझिस्टर लावून वीज उतरवावी, मग मल्टिमीटरने खात्री करावी. पंखा बदलायचा तर त्याच मापाचा, त्याच व्होल्टचा आणि शक्य तर बॉल बेअरिंगचा घालावा. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब घालून पंखा काही महिने गोड चालतो हे खरे, पण ती तात्पुरती सोय आहे, असे गिऱ्हाईकाला सांगून करावी. खोबरेल तेल तर घालूच नये. थंडीत ते थिजते आणि पुढे चिकट होते.

फुगलेले कॅपॅसिटर बदलताना ८५ अंशांचे नव्हे, १०५ अंशांचे घालावेत. तापमान १० अंशांनी उतरले की कॅपॅसिटरचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा या धंद्यातील जुना ठोकताळा आहे. पंख्याचे महत्त्व त्यातच आले. २००० नंतरच्या काही वर्षांत तैवानमध्ये बनलेले असंख्य कॅपॅसिटर आतील द्रावण सदोष असल्यामुळे मुदतीआधीच फुगले, आणि जगभर मदरबोर्ड व पॉवर सप्लाय निकामी झाले. त्या काळची यंत्रे अजून एखाद्या गोदामात चालू असतील तर त्यांचे कॅपॅसिटर डोळ्यांखालून घालावेत. वरचे झाकण सपाट असले पाहिजे.

हिरवी वायर काळ्या वायरला तारेने जोडून पंखा फिरतो का हे पाहतात आणि 'पेटी चांगली आहे' असे सांगतात. ही अर्धीच तपासणी झाली. रिकामा टेम्पो चढ चढला म्हणून भरलेला चढेल असे नाही. कॉम्प्युटर जोडून, कामावर असताना पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ आणि लाल वायरवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळतात का ते पाहावे. त्याहून सोपे म्हणजे खात्रीची दुसरी पेटी लावून दोन दिवस चालवणे. जी मुले असे करतात त्यांच्याकडे गिऱ्हाईक परत येते.

घेताना लेबल वाचा

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. मोठ्या बाजारात गेले की हजाराच्या आत मिळणाऱ्या पेट्यांची थप्पी दिसते, आणि प्रत्येकीवर ठळक अक्षरांत '४५० वॅट' छापलेले असते. शेजारी नावाजलेल्या कंपनीची तेवढ्याच वॅटची पेटी दोन-अडीच हजारांना असते. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्याला लेबलावरचे सगळे इंग्रजी कळले नाही तरी आकडे वाचता येतात, आणि आकड्यांतच खरी गोष्ट आहे. लेबलवर १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा. समजा १४ लिहिले आहेत. १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट. आजचे कॉम्प्युटर आपली बहुतेक वीज याच ओळीतून घेतात. म्हणजे नाव ४५० चे आणि कामाचा माल १६८ चा. थानावर २० मीटरचा शिक्का मारून आत ८ मीटर भरणाऱ्याला आपण काय म्हणतो? माप कमी देणाऱ्यांसाठी सूरह अल-मुतफ्फिफीन उतरली. ते माप गजाचे असो की वॅटचे. आणि ज्या पेटीवर अँपिअरचा तक्ताच नाही ती हातातही घेऊ नये.

यावर कोणी म्हणेल, वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला दुकानाचा कॉम्प्युटर १०० वॅटच्या आसपासच वीज घेतो, मग १६८ काय वाईट? मुद्दा रास्त आहे. अशा कित्येक पेट्या चार-चार वर्षे चालतातही. पण ज्याने वॅटमध्ये माप मारले त्याने आतही मारलेले असते. फिल्टरच्या गुंडाळीच्या जागी नुसती तार टाकलेली असते, कॅपॅसिटर हलके असतात, आणि व्होल्टेज हाताबाहेर गेले तर स्वतः बंद पडून बाकीचे यंत्र वाचवण्याची सोय एक तर नसते, किंवा असून उपयोग नसतो. चांगली पेटी मरते तेव्हा एकटी मरते. दीड-दोन हजारांचा फरक त्यासाठी आहे. हातात घेऊन वजन पाहिले तरी बरेच समजते. आत तांबे आणि ॲल्युमिनियम असेल तर पेटी जड लागते. २००४ साली सुरू झालेली '८० प्लस' ही खूण असेल तर ती पेटी २०, ५० आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के वीज कामाला लावते, बाकीचीच उष्णता होते. उष्णता कमी म्हणजे पंखा हळू आणि आवाजही कमी. चांगल्या कंपन्या तीन ते पाच वर्षांची हमी देतात. त्यासाठी जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि पेटीवरील सीलचा कागद फाडू नये.

मोठ्या कचेऱ्यांतून निघालेली नामांकित कंपन्यांची लहान आकाराची यंत्रे सध्या आपल्याकडे पुष्कळ येतात. माल चांगला असतो, पण त्यांतील अनेकांचा पॉवर सप्लाय आणि त्याचा जोड त्या कंपनीच्या खास घडणीचा असतो. बाजारातील साधी पेटी बसत नाही. यंत्र घेतानाच त्याच दुकानदाराला विचारावे की हा एसएमपीएस गेला तर दुसरा कोठून द्याल. काही जुन्या पेट्यांच्या मागे ११५ आणि २३० असे लिहिलेले लाल बटण असते. सफाई करणाऱ्या पोऱ्याच्या हातून ते ११५ वर सरकले आणि प्लग लावला की धडाका होतो. त्यावर चिकटपट्टी लावून टाकावी.

सफाईसाठी मालेगावकरांना शुक्रवारची सुटी बरी. प्लग काढून, कॅबिनेट दुकानाबाहेर नेऊन, दुरून थोडा-थोडा ब्लोअर मारावा. सलग झोत मारला तर पंखा नको तितका वेगाने फिरून त्याचीच बेअरिंग जाते. कॅबिनेट जमिनीवर न ठेवता वीतभर उंच फळीवर ठेवावे आणि भिंतीपासून चार बोटे पुढे. कपड्याचे गठ्ठे मागच्या जाळीला टेकू देऊ नयेत. हंगामात जागा कमी पडते, तेव्हा नेमके हेच होते.

बाद झालेली पेटी भंगारात देताना ती वायर जाळून तांबे काढणाऱ्याच्या हाती जाणार नाही हे पाहावे. त्या धुराने आधी त्याच्याच मुलांची छाती भरते. २०२२ चे ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि नोंदणीकृत रीसायकलरकडे अशा वस्तू देता येतात. तीन पिनांची वायर जाड आणि धड असेल तर तेवढी काढून ठेवावी. ती पुढच्या पेटीला चालते, बहुतेक मॉनिटरनाही चालते.